पिवळी शाई संपली होती

भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते त्यातल्या थापा शोधायला. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... माझा संशय अजूनही माणसांवरच आहे.

गेल्या उन्हाळ्यात, पलूसला, आमच्या घरी घडलेली गोष्ट. चुलतबहीण सुषमाचं लग्न ठरलं होतं. पत्रिकेत निमंत्रकांची एकवीस नावं – त्यात माजी सरपंच दोन. ऐनवेळी तिच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, धाकट्या भावाशी – बापूकाकांशी – बांधावरून वाजलं. अण्णा म्हणाले, "बापूचं नाव काढ. त्याला बोलवायचंबी न्हाई." सुषमा दोन दिवस नीट जेवली नाही. लहानपणी बापूकाकांच्या खांद्यावर बसून हिंडलेली पोर ती.

प्रेसवाला आठ दिवस मागत होता. म्हणून घरच्यांसाठी चाळीस पत्रिका माझ्या इंकजेट प्रिंटरवर छापायच्या ठरल्या. काळी शाई भरपूर होती. पण पिवळी संपली म्हणून तो काळंही छापेना! मानपानात आमच्या भाऊबंदांच्या तोडीचा. बटण पाच सेकंद दाबून धरल्यावर कसाबसा राजी झाला. मी बापूकाकांची ओळ काढली आणि चाळीस प्रती छापल्या. जाड कागद तिथंच संपला.

दुपारी काकू – सुषमाची आई – अंगणात पत्रिकांना हळदकुंकू लावत बसल्या. एक पत्रिका उन्हात तिरपी धरून ओरडल्या, "आवं, हितं बापू भाऊजींचं नाव हाय की!"

होतं. फिक्या पिवळ्यात, यादीच्या तळाशी. चाळीसही पत्रिकांवर.

"कुणी केलं रं हे?" अण्णा माझ्यावर धावले.

"अण्णा, पिवळी शाईच न्हाई त्यात!"

"मग काय देवानं छापलं?"

काकूंनीच तोडलं. "नाव छापायचं आन् माणसाला बोलवायचं न्हाई? सोयरे तोंडात श्याण घालतील." अण्णा बराच वेळ घुश्शात बसले. मग टोपी घातली, एक पत्रिका उचलली आणि स्वतः बापूकाकांच्या घरी गेले.

लग्नात बापूकाका फेटा बांधून दारात उभे होते. सुषमा त्यांच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा अण्णा उगाच मांडववाल्यावर खेकसत होते.

फाईल मी तीनदा तपासली. नाव नाही. चाचणीचा कागद काढला, तर पिवळ्याच्या जागी कोरं. पिवळ्या शाईचं कार्ट्रिज फोडून पाहिलं – आतला स्पंज कोरडा ठाक.

शंका एकीवरच होती. सुषमा माहेरी आली तेव्हा तिला गच्चीत गाठलं.

"खरं सांग, तूच केलंस ना?"

"मी? दादा, मला वाटलं तुमी केलं... म्हणून तर गप बसले."

आम्ही दोघं एकमेकांकडे संशयाने बघत राहिलो. अजून बघतो.