उघड्या संगणकासमोरचा टेबलफॅन

सासूबाई गेल्यावर माझे सासरे सटाण्याचं घर बंद करून आमच्याकडे नाशिकला राहायला आले. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. नवरा सकाळी अंबडला कारखान्यात जायचा, तो संध्याकाळीच परतायचा. मी घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी करते, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच. भांडण कधीच नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. "बाबा, चहा ठेवू?" "ठेव." इतकंच. बहिणीशी फोनवर मात्र ते अहिराणीत भरभरून बोलायचे. माझ्याशी शुद्ध, वर्गात बोलावं तसं.

एप्रिलमध्ये एका शेतकऱ्याचं द्राक्षबागेवरचं पुस्तक माझ्याकडे होतं. फोटो भरपूर, काम जवळजवळ संपलेलं. दुपारी संगणक अचानक बंद पडला. पुन्हा लावला, थोडा वेळ चालला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा चालू करताना पडद्यावर सूचना आली की आतला पंखा फिरत नाही. मग ध्यानात आलं, नेहमीची घरघर ऐकूच येत नव्हती.

त्या पुस्तकाची दुसरीकडे ठेवलेली प्रत जुनी होती. त्यानंतरची सगळी मेहनत याच डब्यात. वर, असं झटक्यात बंद पडून पडून जुनी हार्ड डिस्क मधूनच टकटक करायला लागली होती.

आवाज ऐकून बाबा दारात आले. "काय झालं, सूनबाई?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "उघडता येतं का हे?"

वायर काढून आम्ही बाजूचा पत्रा उघडला. आत धुळीची अक्षरशः गोधडी होती. मधल्या पंख्याला मी बोटाने ढकललं, तो जेमतेम अर्धा फेरा फिरून अडकला. बाबांनी खालच्या धातूच्या पट्ट्यांना हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"भलतंच तपेल शे!" ते म्हणाले. माझ्यासमोर त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं अहिराणी वाक्य. मला हसू आलं, तेही थोडे ओशाळून हसले.

मी म्हणाले, "नवा पंखा आणते आणि बसवते."

"आधी तुझं पुस्तक बाहेर काढ," ते म्हणाले. "दुरुस्तीत काही बिघडलं तर?"

"पण उतरवून होईपर्यंत तो चालत नाही, बाबा. तापला की बंद."

ते आपल्या खोलीत गेले आणि पलंगाजवळचा टेबलफॅन उचलून घेऊन आले. खुर्चीवर ठेवून त्याचं तोंड उघड्या संगणकाकडे केलं, वेग सगळ्यात जास्त. आम्ही धूळ ब्रशने झाडली, संगणक चालू केला आणि मी फाइली पेनड्राइव्हवर उतरवायला लावल्या. या वेळी तो तग धरून राहिला. मी फोटोंचे भाग करून एकेक पाठवत होते. बाबा शेजारी स्टुलावर बसून वर्तमानपत्राने स्वतःला वारा घालत होते, बनियन घामाने भिजलेलं. मी म्हटलं, तुम्ही हॉलमध्ये बसा. ते म्हणाले, "इथं बरं आहे."

शेवटचं प्रकरण जात असताना लाइट गेली.

यूपीएस किंचाळायला लागला, त्याची बॅटरीही जुनी झाली होती. संगणक त्याच्यावर होता, टेबलफॅन मात्र भिंतीच्या प्लगवर. पाती मंद होत थांबली. मी माउसवर हात ठेवून नुसती बघत राहिले. बाबा उठले, वर्तमानपत्राची घडी केली आणि वाकून त्या तापलेल्या पट्ट्यांवर जोरजोरात वारा घालू लागले, चुलीवर घालावा तसा. "तू तिकडे बघ," ते म्हणाले, "माझ्याकडे नको." पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला पोचली. मी पेनड्राइव्ह काढला, संगणक रीतसर बंद केला. बाबा स्टुलावर टेकले. मी त्यांना माठातलं पाणी दिलं, मग स्वतः प्यायले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिक्षाने बाजारात गेलो. नवा पंखा, प्रोसेसरवर लावायचं, उष्णता वाहून नेणारं मलम, यूपीएसची बॅटरी आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घेतली. दुकानदार समजावत होता आणि बाबा वर्गातल्या मुलासारखे प्रश्न विचारत होते, मलम किती लावायचं, जास्त झालं तर काय होईल.

पंखा बसवायला घरी अर्धी दुपार गेली. लावला, तरी संगणक तापतच होता. पुन्हा उघडला. पंख्याच्या चार खुंट्यांपैकी एक नीट बसलीच नव्हती, म्हणून एक कोपरा अधांतरी होता. जुनं मलम पुसलं, वाटाण्याएवढं नवं लावलं. बाबांनी पंखा सरळ धरला, मी समोरासमोरच्या खुंट्या आळीपाळीने दाबल्या. चौथी खट्‌कन बसली तेव्हा दोघांनाही ऐकू आलं. त्यानंतर तो तापला नाही. एसएसडीवर सगळं नव्याने घालायला आणखी एक दिवस लागला, पण पुस्तक वेळेत छापायला गेलं.

त्या रविवारी त्यांच्या बहिणीचा फोन आला तेव्हा बाबा तिला अहिराणीत सगळी हकिगत सांगत होते. मला सगळं कळलं नाही, पण "आम्ही दोन्हीसनी", म्हणजे आम्ही दोघांनी, हे दोनतीनदा ऐकू आलं. फोन ठेवून ते माझ्या टेबलाशी आले आणि काढून ठेवलेली हार्ड डिस्क उचलून विचारलं, "ही उघडू या का? आत काय असतं ते बघू."

मी बारीक पेचकस शोधायला उठले.