नवसाबाईंच्या झेंडूतलं पाणी

मखमलाबाद रस्त्यावरच्या नवसाबाईंनी आयुष्यात एकदाही फूल विकत घेतलं नव्हतं. विकली मात्र पाट्याच्या पाट्या. सासरचा फुलांचा मळा होता तोवर पहाटे पंचवटीत जाऊन झेंडू, शेवंती, गुलछडी विकून यायच्या. पुढे शहर वाढलं, मळ्यावर बंगले उभे राहिले आणि त्यातल्याच एका बंगल्यात त्या मुला-सुनेबरोबर राहू लागल्या. मळ्यातला उरला तो फाटकाजवळचा एक वाफा. त्यात दसऱ्याचा झेंडू लावायचा आणि दाराचं तोरण घरच्याच फुलांचं करायचं, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. नेम कसला, मिजासच म्हणा!

यंदा श्रावणात त्या वाफ्यात पाणी साचायला लागलं. पावसाचं असेल म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. पण नंतर चांगली उघडीप पडली, बाकीचं अंगण खडखडीत वाळलं, तरी झेंडूच्या बुडाशी डबकं ते डबकंच. रोपं पिवळी पडू लागली, डास झाले. मुलगा ललित अंबडला कारखान्यात सुपरवायझर. त्याची नवी गाडी रस्त्यावर उभी असायची, ते त्याला सलत होतं. त्याला आयतंच निमित्त मिळालं.

"आई, मंगळवारी पेव्हर ब्लॉकवाला येतोय. वाफा बुजवून टाकू. डासही जातील आणि गाडीही आत येईल."

"आन् दसऱ्याला?"

"दसऱ्याला काय, नाक्यावर झेंडूचे ढीग पडलेले असतात. घेऊन येईन."

 आपण दुसऱ्याच्या पाटीपुढे उभं राहून 'कसा दिला?' असं विचारतोय, हे चित्र काही नवसाबाईंच्या डोळ्यांपुढून हलेना.

"पानी कुठनं येतंय ते मी हुडकते," त्या म्हणाल्या. "सापडलं तर तुझा ब्लॉकवाला आल्या पावली परत जाईल, सांगून ठेवते."

नळाची लाइन तपासून झाली होती, ती गळत नव्हती. तेव्हा संशय गेला शेजारच्या छायाताईंवर. त्यांची मोरी कुंपणाच्या भिंतीला लागूनच होती. शिवाय दोघींचं कढीपत्त्याच्या झाडावरून बिनसलेलं, म्हणजे संशय घ्यायला जास्तच सोपं. पण नुसत्या संशयानं काय होतंय? नवसाबाईंनी अळूवड्या तळल्या, ताटली हातात घेतली, कपड्यांना घालायच्या निळीची बाटली पदराआड लपवली आणि कित्येक महिन्यांनी शेजारचं फाटक उघडलं.

"पाय धुते जरा," असं म्हणून त्या मोरीत शिरल्या आणि अख्खी बाटली नालीच्या तोंडाशी ओतून आल्या. मग चहा झाला. अळूवड्या संपता संपता कढीपत्त्याचं भांडणही कुठल्या कुठे गेलं. घरी येऊन त्या डबक्यापाशी ठाण मांडून बसल्या. पाणी काही निळं होईना. निळं झालं ते भलतंच.

"अहो नवसाबाई!" भिंतीवरून छायाताईंचा आवाज आला. "माझी फरशी, बादली, मांजराचे पाय, सगळं निळं झालंय! काय केलंत हे?"

खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. छायाताई आधी रागावल्या, मग भिंतीला धरून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

दुसरी बाटली नवसाबाईंनी स्वतःच्या मोरीत आणि स्वयंपाकघरात रिकामी केली. तिथूनही काही नाही. रविवार गेला. नवसाबाई आता खरंच घाबरल्या होत्या.

सोमवार उजाडला, श्रावणातला शेवटचा. सून दीपमालेचा उपास होता, देवघरात तिचा अभिषेक चालला होता. नवसाबाई पायरीवर गालाला हात लावून बसल्या होत्या. इतक्यात छायाताईंचं निळ्या पायांचं मांजर आलं, ते थेट वाफ्यात. एरवी त्या डबक्याला नाकही न लावणारं मांजर आज मिटक्या मारत पाणी चाटायला लागलं. नवसाबाई हाकलायला गेल्या आणि थबकल्या. पाणी पांढुरकं दिसत होतं. बोट बुडवून त्यांनी वास घेतला. दूध!

"दीपमाले! अगं, किती दूध घातलंस पिंडीवर?"

"अर्धा लिटर, आई. शेवटचा सोमवार ना!"

देवाच्या आंघोळीचं पाणी गटारात जायचं नाही, असा हट्ट धरून बंगला बांधताना नवसाबाईंनीच देवघरातून वाफ्यापर्यंत वेगळा पाइप घालून घेतला होता. घरातल्या नाल्या तपासल्या, पण देवाच्या पाइपावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. तरी तांब्याभर पाण्याचं डबकं होईल कसं? त्यांनी देवघराखालचं कपाट उघडलं. भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातून एक बारीक नळी येऊन देवाच्या पाइपात शिरली होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. ललितने आषाढात पिण्याच्या पाण्याचा नवा फिल्टर बसवून घेतला होता. त्यातून टाकाऊ पाणी सारखं गळायचं. बसवणाऱ्याने जवळ दिसला त्या पाइपात नळी खोचून दिली होती.

नवसाबाईंनी कामावर निघालेल्या ललितला हाताला धरून वाफ्यात उभं केलं आणि दीपमालेला देवाच्या पाइपात हळद ओतायला लावली. थोड्या वेळात डबकं पिवळंधमक झालं.

"पाइप तर तूच घालायला लावलास," ललित म्हणाला.

"आन् फिल्टर कोनी आनला?"

ललितने फोन काढला आणि ब्लॉकवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. फिल्टरची नळी बादलीत आली, ते पाणी फरशी पुसायला जाऊ लागलं.

दसऱ्याला वाफा झेंडूने भरून गेला. दाराला तोरण झालं, छायाताईंच्या फाटकाला झालं. मग नवसाबाई एक मोठा हार घेऊन रस्त्यावर गेल्या. धुऊनपुसून ठेवलेल्या गाडीपाशी ललित उभा होता. त्याने हाराकडे पाहिलं आणि मिश्कीलपणे विचारलं, "कसा दिला, मावशी?"

"इकायचा नाय," हार बांधता बांधता नवसाबाई म्हणाल्या. "गाडी भाईरच ऱ्हाऊ दे, म्हंजे झालं."