ड्रॉइंग कच्चं आहे

नोकरी नाकारलेल्या उमेदवाराला नेमकं कुठं कमी पडलं ते कळावं, म्हणून माझ्या नातीनं एक वेब ॲप तयार केलं. मुलाखतीनंतर कंपनीनं ॲपमध्ये कारण निवडायचं. उमेदवाराच्या मोबाइलवर ते कारण जातं आणि पुढं काय शिकावं तेही. ही कारणं मीच सुचवली. निवृत्त होईपर्यंत मी एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, नोकरभरतीचं काम पाहत होतो.

ॲप दाखवायला तिनं काही कारखानदारांना शाहूपुरीत बोलावलं. त्यांतला एक वर्कशॉपवाला उठून म्हणाला, "हिच्या आजोबांनी मला नोकरी दिली न्हाय, पर ड्रॉइंग कच्चं हाय म्हणून तोंडावर सांगितलं. मी ड्रॉइंगची शिकवणी लावली, म्हणून आज वर्कशॉप हाय. पयलं गिऱ्हाईक मी!" टाळ्या झाल्या. नातीनं ते वाक्य ॲपच्या पहिल्या पानावर घातलं.

ते खरं नाही, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आमच्याकडं जागा निघायच्या आधीच ती मालकांच्या पै-पाहुण्यांतल्या कुणाला तरी दिलेली असे. तरी रीत म्हणून मुलाखती होत. बाकीच्यांना काहीतरी सांगावं लागे. लेथवरच्या टर्नरला मी ड्रॉइंग कच्चं आहे म्हणून सांगायचो, क्लार्कला अक्षर खराब. या माणसाचं ड्रॉइंग त्या दिवशी सगळ्यांत चांगलं होतं.

नातीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, त्यांना कळलं तर ते जातील. दुसरं गिऱ्हाईक नाही माझ्याकडं."

"मग नको सांगू?"

"मी कुठं तसं म्हणाले," असं म्हणून तिनं पहिल्या पानावरचं ते वाक्य काढून टाकलं.

मी त्याच्या वर्कशॉपवर गेलो. लेथ मशीन चालू होतं, त्यामुळं मोठ्यानं सांगावं लागलं. कामगारांनीही ऐकलं.

"म्हंजे माझं ड्रॉइंग बरं हुतं?"

"चांगलं होतं."

"मग सायकल हाणत शिकवणीला गेलतो ते कशाला?"

चहा आला. त्यानं कप माझ्यापुढं सरकवला, स्वतः घेतला नाही.

"नातीला सांगा, हे कारणबी घाल. जागा आधीच ठरलेली हुती, तुमचं काय चुकलेलं न्हाय. मग घेतो तुमचं ॲप."

नातीनं ते घातलं. "पण हे निवडणार कोण?" असं ती म्हणालीच.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. त्यानं आपल्या मेव्हण्याच्या पोराला कामावर घेतलं होतं. मुलाखतीला आलेल्या दुसऱ्या पोराला कारण पाठवायचं होतं.

"साहेब, 'अनुभव कमी' दाबलं तर चालंल की?"

"कमी आहे का?"

"न्हाय वो. आमच्या पोरापेक्षा लई भारी हाय."

"मग?" मी विचारलं.

"तुमी लई ताप दिलासा बगा," तो म्हणाला. मग म्हणाला, "दाबलं. खरं ते दाबलं. आता शेजारच्या वर्कशॉपवाल्याला टर्नर पायजे, त्याच्याकडं ह्या दुसऱ्या पोरासाठी शब्द टाकून येतो."