वर्गात न बसलेल्या मुलीचं शिफारसपत्र

डिसेंबरात एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, शिफारसपत्र हवंय. मी विचारलं, तू कोण? तर म्हणे, तुमचीच विद्यार्थिनी, बारावी सायन्स. माझं डोकंच सटकलं. दीड वर्षात मी तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

तिची एकटीची चूक नव्हती म्हणा. आमच्या नेरूळच्या कॉलेजात सायन्सची बहुतेक मुलं नावापुरतीच असतात. प्रवेश आमच्याकडे आणि शिकणं सीवूड्सच्या कोचिंग क्लासमध्ये, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कॉलेजात यायचं ते प्रॅक्टिकलला आणि परीक्षेला. आम्ही हजेरी लावून मोकळे, पालक खूश, सगळ्यांचं कसं छान चाललेलं. मी मराठी शिकवते. पटावर शंभरेक नावं, समोर दहा-बारा डोकी, त्यातली निम्मी फोनमध्ये.

या मुलीला इंजिनिअरिंग नको होतं. तिला इतिहास शिकायचा होता, बेंगळुरूच्या एका विद्यापीठात, आणि तिथं अर्जासोबत तिला ओळखणाऱ्या शिक्षकाचं पत्र लागत होतं. क्लासच्या सरांकडे गेली तर त्यांनी बॅच कुठली एवढंच विचारलं. घरी सांगितलं तर वडिलांनी हसण्यावारी नेलं. मग राहिले मी.

मी तिला चांगलंच झाडलं. म्हटलं, न पाहिलेल्या पोरीचे गोडवे गायला मी काय तुझी आत्या आहे? पत्र हवं असेल तर वर्गात येऊन बस, मला जे दिसेल ते लिहीन. वाटलं होतं, आता काही ही परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बाकावर हजर. मग आठवडाभर रोज आली. एकदा बोलता बोलता मिठागरांचा विषय निघाला, तशी उठून म्हणाली की आमची सोसायटी जिथं उभी आहे तिथं आधी काय होतं, ते सोसायटीत कुणालाच सांगता येत नाही, आणि मला त्याचा राग येतो. राग येतो म्हणाली. पोरगी मला आवडली. खरं सांगते, कित्येक दिवसांनी मला वर्गात जायची घाई व्हायला लागली होती.

शनिवारी तिचे वडील आले. द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत, कामावरून तसेच आले होते, घामेजलेले. क्लासला दांडी मारली की पालकांच्या फोनवर मेसेज जातो. आठवडाभराचे मेसेज त्यांनी माझ्यापुढे धरले. मुलगी मागे खाली मान घालून उभी. ती क्लास बुडवून कॉलेजला येते, अशी त्यांची तक्रार होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी तक्रार मी पहिल्यांदाच ऐकली. मला हसूच आलं.

मी त्यांना पत्राचं सांगितलं. तुमची मुलगी विचार करणारी आहे, तिला जाऊ द्या, म्हटलं. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मॅडम, राग मानू नका," ते म्हणाले, "पण तुमच्या वर्गात बसतं कोण?"



"मी बसते," मागून ती म्हणाली.

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मुलगी आपल्याला अशी सगळ्या स्टाफरूमसमोर उलटून बोलेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते तसेच वळले, आणि ती त्यांच्या मागोमाग गेली. त्यानंतर ती वर्गात आली नाही.

पत्र मी त्याच दुपारी लिहिलं आणि ऑनलाइन पाठवूनही दिलं. मिठागरं, तिचा राग, सगळं घातलं. काही फुगवून लिहायची गरजच पडली नाही. जानेवारीत विद्यापीठाचा मेल आला. तुमचं पत्र मिळालं आहे, विद्यार्थिनीचा अर्ज मात्र आलेला नाही, आणि मुदत संपली आहे.

मी तणतणतच तिच्या वडिलांना फोन लावला. म्हटलं, शेवटी अडवलंतच ना पोरीला? ते गोंधळले. अर्ज गेलाच नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"मी कुठं अडवलं, मॅडम?" ते म्हणाले. "त्या दिवसापासून मी तिच्याशी एक शब्दसुद्धा बोललेलो नाही."