सिंहिणीशी बोलायचं नाही

आक्काला सगळे आक्काच म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. सर्कशीत नाहीतर कुणा हौशी धनिकाच्या बंगल्यात गजाआड सडणारे वाघ-सिंह सोडवून आणायचे आणि आपल्या केंद्रात सांभाळायचे, यात तिचा जन्म गेला. लग्न राहून गेलं, असं ती म्हणायची. जसं काही बाजारातून दूध आणायचं राहून गेलं!

सर्कशीतून आणलेल्या म्हाताऱ्या सिंहिणीने मात्र तिच्या नाकी नऊ आणले होते. सिंहिणीच्या खोलीबाहेर गवत, झाडं, पाण्याचा हौद. सरकतं दार दिवसभर उघडं. पण उंबरठा ओलांडेल तर शपथ! सिमेंटवर बसून बसून तिचे सांधे आखडत चालले होते.

आक्का जाळीपलीकडे स्टूल टाकून तिची समजूत घालायची. "जा गं बाई, बघ तरी बाहेर. गुडघे माझे दुखतात, तुला काय धाड भरलीय?" मग गुडघ्यांवरून गाडी धाकट्या बहिणीवर जायची, भाचीच्या लग्नाला गेले नाही त्यावर जायची. सिंहीण कान टवकारून ऐकायची.

एकदा जनावरांच्या डॉक्टरांनी हे पाहिलं.

"आक्का, ती तुमच्यामुळेच बाहेर जात नाही. जन्मभर माणसाच्या आवाजावर उठली-बसली ती. तुम्ही बोलताय तोवर हुकमाची वाट बघत बसणार."

"मी कुठे हुकूम सोडते? गप्पा मारते."

"तिला काय कळणार फरक? पाय एकदा गेले की उठायची नाही. तोंड बंद ठेवा."

आक्का चिडली, पण मनातून चरकली. दुसऱ्या दिवसापासून मांस ठेवायचं, पाणी बदलायचं आणि चकार शब्द न काढता निघायचं. सिंहीण जाळीशी येऊन घुरघुरायची. आक्का ओठ आवळून पाठ फिरवायची, आणि तिला रडू यायचं. केंद्रातल्या माणसांना तिचं गप्प होणं जाणवलंही नाही. त्यांच्याशी ती कामापुरतंच बोलत आली होती.

मग एका सकाळी खोली रिकामी दिसली. सिंहीण झाडाखाली, गवतात, चारी पाय वर करून खुशाल लोळत होती. आक्काला आनंद आवरेना. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. तिने बहिणीला फोन लावला.

"काय गं, बरी आहेस ना? कधी नव्हे तो फोन केलास?"

"अगं, सिंहीण बाहेर गेली!"

"अगं बाई! पळाली?"

"नाही गं. गवतावर गेली."

"बरं. मग?"

मग काय, ते आक्काला सांगता येईना. जिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं ती समोर ऊन खात पडली होती, आणि तिला हाक मारायची नव्हती.