गुरांच्या डाक्तरांची चिठ्ठी

सोलापुरात गुरांच्या दवाखान्यात तेव्हा जे डाक्तर होते, त्यांनी मला मदत केली. हे आधीच सांगून ठेवते. कारण एकदा शेळीचं सांगायला लागले की मी तिच्यावरच बोलत बसते आणि त्यांचं राहून जातं. उंच होते, जरा वाकून चालायचे, अंगात खाकी कोट. बोलताना माणसाकडं न बघता जनावराकडं बघायची त्यांना सवय. आमच्या बोळातल्या बायका म्हणायच्या, त्यांना माणसातलं काय कळतंय. मला उलटंच वाटतं.

माझं माहेर माळशिरसच्या अंगाला, गावापासून जरा लांब, रानात. शाळेत मी दोन बुकं शिकले. तिसरीत बसायच्या आधीच घरच्या शेळ्या माझ्याकडं आल्या आणि पाटी फळीवर गेली. शेळ्यांमागं चार-पाच वर्षं गेली, मग लग्न झालं आणि सोलापुरात आले. घरधनी गिरणीत होते. एक खोली, पुढं हातभर अंगण, आणि दिवसातून चारदा गिरणीचा भोंगा. पहिल्या पहिल्यांदा भोंगा झाला की मी हातातलं टाकून उभी राहायची. कुणीतरी मला हाक मारून रागावल्यासारखं वाटायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. आमच्याकडं लेक लेकरू घेऊन सासरी निघाली की तिच्यासंगं दुभती शेळी देतात, बाळाच्या दुधाला. आईनं कळपातली तिच्या स्वतःच्या हातावर वाढलेली शेळी काढली. काळी, कानाला पांढरे ठिपके. निघताना आईनं एवढंच सांगितलं, "हिला इकू नगंस. आटली तरी ऱ्हाऊ दे. माज्या हातची हाय ती."

मी आगगाडीनं आले. शेळी चालत आली. चुलत्यानं तिला चार दिवस चालवत आणली, वाटेत चारत, मुक्काम करत. दारात आला तेव्हा त्याच्या पायाला फोड आले होते आणि शेळी टवटवीत. घरधनी तिला बघून म्हणाले, "आली का तुजी भैन? चांगली तब्येत हाय की." तेव्हापासून ते तिला माझी बहीणच म्हणायचे. आमच्याकडं शेळीला नाव ठेवत नाहीत, नाव ठेवलं की पुढं विकायला जड जातं. मीही ठेवलं नाही. आई जिभेनं टाळूवर टकटक करून बोलवायची, तसंच मी करायची, की ती कुठूनही यायची.

आता सांगायला लाज वाटते, पण सुरुवातीचे काही दिवस मी तिच्या मानेत नाक खुपसून बसायची. माहेरच्या शेळ्यांच्या वाड्याचा, ओल्या बाभळीच्या शेंगांचा वास तिच्या अंगाला होता. तो पंधरा-वीस दिवसांत गेला. मला मात्र पुढं दोन वर्षं तो येत राहिला. भोंग्याला ती माझ्या आधी सरावली.

शेजारी मागवाल्यांचं घर होतं, तेलुगू माणसं. घरात दोन हातमाग. तिथल्या बाईला मी अक्का म्हणायची. ती माझ्यापेक्षा बरीच मोठी, मराठी तिच्या तऱ्हेनं बोलायची, पण बोलायची भरपूर. शेळीला ती 'मेका' म्हणे. सकाळी बोळात सुताचा ताणा लांब पसरायचा आणि कुंचल्यानं त्याला खळ लावायची, हे त्यांचं रोजचं काम. खळ तांदळाची. अक्का ती घरात शिजवायची, पुढं ती सुताला लावायचं काम तिच्या मालकाचं. उरलेली खळ पातेल्यात परत यायची आणि अक्का ती सांडून द्यायची.

ते बघून माझा जीव कासावीस व्हायचा. आमच्या रानात पाऊस बेताचा. भाकरीच्या परातीचं धुवणसुद्धा आम्ही शेळीपुढं ठेवणारी माणसं. तांदळाची पेज मातीत जाते म्हणजे काय? मी म्हटलं, "अक्का, मला देत जावा की. शेळी पिईल." अक्का खूश झाली. म्हणाली, "घे, घे. मेका खातो तर देव खातो." तेव्हापासून शेळीला खळ मिळू लागली. तिची कातडी चकाकायला लागली. मला वाटलं, शहरात आल्यापासून मी एक काम तरी बरोबर केलं.

दुसऱ्या श्रावणाची गोष्ट. शेळी तेव्हा आटलेली होती, आणि मूल भाकरी खायला लागलं होतं. पंधरा दिवस झड लागलेली, उन्हाचं तोंड नाही. एका सकाळी शेळी उठली नाही. तोंडातून लाळ, पोट आत ओढलेलं, लेंड्यांच्या जागी हिरवट-निळं पाणी. टकटक केलं तर कान हलवला, मान उचलली नाही.

घरधनी पाळीवर निघाले होते. बघून म्हणाले, "आटलेली हाय, त्यात आजारी. मेली तर पुरायला बी जागा न्हाय हितं. सांच्याला खाटकाला बोलावतो."

"आईनं इकू नगं म्हनलंय."

"तुज्या आईला म्हनावं, यिऊन बस की हिच्या उशाला."

ते वाईट माणूस नव्हते. गावाकडं सगळेच तसं करतात. जनावर मरायच्या आत विकतात, त्यात काही पाप नाही. पण आईनं माझ्याकडं दुसरं काही मागितलंच नव्हतं. आजवर मी तिला काही दिलं नव्हतं. हा एक शब्द होता, आणि तो संध्याकाळपर्यंत जाणार होता.

बोळातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, पोटावर डाग द्या, उठंल. दुसरी म्हणाली, दृष्ट लागलीय, एवढी चकाकती शेळी कुणी ठेवतं का अंगणात. मी मूल कडेवर घेऊन नुसती आत-बाहेर करत होते. शेवटी अक्काच म्हणाली, "गुरांचा दवाखाना आहे. माझा गाडी घे." सूत न्यायची दोन चाकांची हातगाडी होती त्यांची. त्यावर पोतं टाकून शेळी निजवली. ती ढकलत आम्ही दोघी भर रस्त्यानं निघालो. टांगेवाले थांबून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का मात्र टांगेवाल्यांनाच ओरडत होती, "सरक, सरक, पेशंट आहे."

दवाखान्याच्या दारात एक लंगडा बैल आणि टांग्याची दोन घोडी उभी होती. कंपाउंडरनं गाडीत डोकावून बघितलं आणि हसला. "ए बाई, ये घोड्यां-बैलां का दवाखाना है. बकरी कू लेके खाटीक के पास जाव." मी मागं वळलेच होते. मला कुणी जा म्हटलं की मी जाते, असा माझा स्वभाव. तेवढ्यात आतून आवाज आला, "गाडी आत येऊ दे."

डाक्तरांनी शेळीच्या डोळ्याची पापणी वर केली. डोळा पिवळा होता. पोत्यावरची घाण वाकून बघितली. मग शेळीकडंच बघत विचारलं, "हिनं काय खाल्लं?"

"भाकरी. पाला. शेंगांची टरफलं."

"आणखी?"

"खळ."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर करून आमच्याकडं बघितलं. "कसली खळ?"

अक्का अभिमानानं पुढं झाली. "आमचा. चांगला तांदूळ. मी शिजवते."

"त्यात काय घालता?"

"काय नाही. नुसता तांदूळ."

"तुम्ही नाही. सुताला लावताना कुणी काही घालतं का?"

अक्का बोलायला लागली आणि मध्येच थांबली. "आमचा मालक निळा दगड टाकतो. पावसात सूत कुजतो, म्हणून." एवढं बोलून तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी तिच्याकडं.

"मोरचूद," डाक्तर म्हणाले. "विष आहे ते. झडीचे दिवस म्हणून या वेळी जास्त पडलं असेल." अक्काच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण खळ तिच्या हातून जाताना चांगली असायची. तिच्या मालकाला माहीत नव्हतं की उरलेली शेळीला जाते. ते सगळं एकत्र केलं मी.

त्यांनी शेळीच्या तोंडात औषध ओतलं. अळशीची पेज आणि अंड्याचा पांढरा बलक पाजायला सांगितला. "आशा फार ठेवू नका. पण औषध सोडू नका." मी जागची हलेना. ते म्हणाले, "आणखी काय?"

"सांच्याला खाटीक येनार हाय," मी म्हटलं. 

"तुम्हाला द्यायची नाही?"

मी मान हलवली. त्यांनी कागद ओढला, चार ओळी लिहिल्या, खाली शिक्का मारला. "हे तुमच्यासाठी खोटं लिहिलेलं नाही बरं का. हिचं मांस खरंच कुणी खाऊ नये." मग विचारलं, "घरी वाचणारं कुणी आहे?"

"म्या वाचती."

"वाचा बघू."

शाळा सुटल्यापासून मला कुणी वाच म्हटलं नव्हतं. मी वाचलं. 'ही शेळी विषबाधेने आजारी आहे. तिचे मांस खाण्यास अयोग्य आहे.' 'अयोग्य'वर मी अडकले. बाहेर घोडं पाय आपटत होतं, कंपाउंडर दारात उभा होता, तरी ते थांबले. शब्द सांगितला नाही. मी तिसऱ्या वेळेला तो सोडवला.

संध्याकाळी खाटीक आला तो घरधन्यांबरोबरच. मी चिठ्ठी वाचून दाखवली, या वेळी न अडकता. खाटकानं कानाला हात लावला. "सरकारी शिक्का हाय म्हनल्यावर नगं बाबा. बाई, तुमास्नी वाचता येतंय व्हय?"

"तर," घरधनी म्हणाले. "दोन बुकं शिकलीया ती." हे सांगताना त्यांचा आवाज वेगळाच होता. मग ते आत गेले आणि अळशी कुठं मिळंल म्हणून विचारायला लागले.

दुसऱ्या दिवशी डाक्तर सायकलीवरून बोळात आले. शेळीसाठी डाक्तर घरी येतो, हे बघायला सगळा बोळ जमला. त्यांनी शेळी बघितली, मग ताण्यापाशी जाऊन मागवाल्यांना सांगितलं, मोरचूद घातलेली खळ जनावराच्या तोंडी जाऊ देऊ नका, खड्ड्यात ओता. कुणाची खळ, कुणी घातली, एक अक्षर बोलले नाहीत. बोळात आधीच कुजबूज सुरू झाली होती, की शेळीनं मागं एकदा अक्काच्या सुताला तोंड लावलं होतं, त्याचा डूख धरून शेजाऱ्यांनी विष घातलं. ती कुजबूज तिथंच थांबली. नाहीतर अक्काचा आणि माझा अबोला व्हायला वेळ लागला नसता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले तेव्हा शेळीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. श्वास मोजून येत होता. ते समोर उकिडवे बसले. मी विचारलं, "माज्या हातनं मरती का ही?"

ते मग शेळीकडं बघत म्हणाले, "हातानं तुम्हीच घातलंत. मारायला नाही घातलंत. दोन्ही खरं आहे."

बाकी सगळ्यांनी मला सांगितलं होतं, तुझा काय दोष, तिची वेळ भरली. त्यानं मला घटकाभर बरं वाटायचं आणि परत तेच मनात यायचं. डाक्तरांच्या बोलण्यानं मला रडू आलं, पण त्यानंतर मी स्वतःशी भांडत बसले नाही. शेळी थोड्या वेळानं गेली. ते तोवर बसून होते. वस्तीबाहेरच्या ओढ्यापलीकडं खड्डा काढला तो घरधन्यांनी आणि अक्काच्या मालकानं. मूल मी अक्काकडं ठेवलं होतं. खोल काढा, चुना टाका, असं सांगत डाक्तरांनीही थोडा वेळ कुदळ धरली. मग हात झटकले, सायकलीवर बसले. मला काहीतरी बोलायचं होतं. मी पदर तोंडात धरून उभी राहिले.

आईला कळवायला मला महिना लागला. गावी पत्र आलं की मास्तर ते पारावर चारचौघांत वाचतात. माझी चूक सगळ्या गावाला ऐकू जाणार होती. दोनदा लिहून फाडलं. शेवटी जसं झालं तसं लिहिलं, माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात, डाक्तरांची चिठ्ठीही लिहून काढली. मास्तरांच्या हातचं उत्तर आलं. त्यात आईनं सांगितलेलं तसंच उतरवलं होतं: 'शेळीचं लई वाईट वाटलं. पन इकली न्हाईस. त्या डाक्तरास्नी कवातरी घिऊन ये. म्या त्यास्नी भाकर घालीन.'

ते पत्र घेऊन मी दवाखान्यात गेले. टेबलामागं दुसराच माणूस बसला होता. कंपाउंडरनं मला ओळखलं, या वेळी हसला नाही. म्हणाला, साहेबांची बदली झाली, विजापूरच्या बाजूला कुठंतरी. कुठं, ते त्याला सांगता येईना.

त्यानंतर मी माहेरी तीनदाच गेले. रान तसंच आहे, शेळ्या आहेत, पण माझ्या टकटकीला एकही येत नाही. ओळखत नाहीत त्या मला. आई दर वेळी विचारते, डाक्तर कुठं हायत? मी म्हणते, शोधती हाय. आणि खरंच शोधते आहे. विजापूरकडनं कुणी आलं की विचारते.

'उपकार झाले' एवढं साधंसुद्धा त्यांना म्हणायचं राहिलं माझं. ते मी म्हणणार आहे. पत्ता मिळाला की माझ्या हातानं पत्र लिहीन, आणि त्यांना सवड असेल तेव्हा आमच्या रानात घेऊन जाईन, आईच्या चुलीपुढं पाट मांडीन. तोवर आई राहिली तर तिच्या हातची, नाही राहिली तर माझ्या हातची, पण गरम भाकरी मी त्यांच्या ताटात वाढणार. हे देणं मी ठेवून घेणार नाही.