काट्यावरचे पंचावन्न किलो

भूत, चकवा, अंगात येणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा घ्यायला जाणारा माणूस. आयुष्य मशिनं उघडण्यात गेलं. खडखड झाली तर नट ढिला असतो, बाधा नसते, एवढी साधी माझी अक्कल. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

मी जळगावचा. लग्नासाठी भाड्याने मिळतं ना, त्या छोट्या हेलिकॉप्टरचं जमिनीवरचं काम मी बघतो. हेलिपॅड, इंधन, आणि मुख्य म्हणजे वजनाचा कागद. माझी सही झाल्याशिवाय पंखा फिरत नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शिरपूरच्या वर सातपुड्यात एक उघडं पठार आहे, तिथे देवीचं ठाणं. नवरदेवाचे वडील, नाना, यांची हौस अशी की नवी जोडी दर्शनाला हेलिकॉप्टरने जाणार आणि हेलिकॉप्टरनेच गावात उतरणार. बाकी वऱ्हाड जीपने वर. मी अट घातली — नऊच्या आत परत निघायचं. हवा तापली की पातळ होते, त्यात डोंगराची उंची. पंखा फिरतो तेवढाच, पण त्याला धरायला हवाच मिळत नाही. सकाळी जे वजन सहज उचलतं ते दुपारी उचलत नाही. हे मी नानांना तीनदा सांगितलं होतं. तीनदा!

आणि वर जाऊन बघतो तर नवरदेवाच्या आत्या, अक्का, तीन दगडांवर खापर मांडून बसलेल्या. नैवेद्याला मांडे, तेही तिथेच भाजायचे! ज्याने मांडे होताना पाहिलेत त्याला कळेल मी कपाळावर हात का मारला. पुरण वाटण्यापासून तयारी.

"अक्का, ऊन चढतंय हो," मी म्हणालो.

"देवीना निवद शे भाऊ, घाई करी चालत नही."

तोवर बाकीच्यांनी हेलिकॉप्टरची पूजा उरकली. कुंकू, नारळ, लिंबू-मिरची... नवा ट्रॅक्टर दारात आल्यासारखी. मागच्या सीटखाली कुणीतरी केळीचा घड सरकवला होता. मी काढला, तर दुसऱ्या कुणीतरी परत ठेवला. सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला.

एक वाजला. मी तापमान मोजलं, कागद मांडला. सकाळी गावातून निघताना नवरदेव सहासष्ट किलो भरला होता, नवरी पन्नास. एकूण एकशेसोळा. कागदावरच्या मर्यादेत बसत होतं. जेमतेम, पण बसत होतं. कॅप्टन, पुण्याचा तरुण पोरगा, तोही म्हणाला, "होईल काका."

फक्त परत वजन करायचं बाकी होतं, कारण आपल्याकडची माणसं ओटीत काय काय भरतील सांगता येत नाही. केळीवाल्यांकडून मागून आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा जीपमधून वर आणला होता. दोघांना एकदमच उभं केलं.

एकशे एकाहत्तर.

ओटी सोडायला लावली. नारळ, खण, गहू, सगळं बाजूला. एकशे एकाहत्तर. काटा उचलून सपाट जागी ठेवला. तेच. एकेकटे उभे केले — सहासष्ट, पन्नास. अगदी बरोबर! मी आणि कॅप्टन मिळून उभे राहिलो, तेही बरोबर. परत ती दोघं... एकशे एकाहत्तर. पंचावन्न किलो जास्त. म्हणजे एक अख्खा माणूस.

"तुमना काटा बिघडी गया," नाना तापले. "बठ्ठा गाव खाले वाट दखी ऱ्हायना, बँड उभा शे. मना पोऱ्या जीपमा जाई का?"

सकाळपासून एक शब्द न बोललेली नवरी हळूच म्हणाली, "काका, आम्ही जीपनेच जातो ना." नानांनी तिच्याकडे असं बघितलं की पोरीने मान खाली घातली.

कॅप्टन मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, खरं वजन तुम्हाला माहितीये. एकशेसोळा लिहा ना." मलाही तेच वाटत होतं. खोटं कशाला बोलू, काटाच बिघडलाय अशी माझी खात्री होती. पण सकाळपासून कुणी माझं एक ऐकलं नव्हतं. माझं टाळकं सटकलं. "काटा म्हणतो तेच लिहिणार," मी म्हणालो, आणि एकशे एकाहत्तर लिहून सही नाकारली. शहाणपण नव्हतं ते, निव्वळ चिडचिड होती.

शेवटी कॅप्टनच्या एकट्याच्या वजनाचा कागद केला, त्यावर सही दिली आणि तो एकटा निघाला. हेलिकॉप्टर कमरेइतकं वर उठलं, थरथरत कड्यापर्यंत गेलं आणि कडा ओलांडताच दगडासारखं खाली गेलं. दिसेना. अक्कांनी तोंडावर पदर दाबला. नवरीने नवऱ्याचा दंड धरला होता. बऱ्याच वेळाने खूप खाली, झाडांना लागून ते पुढे सरकताना दिसलं.

गावात उतरल्यावर त्याचा फोन आला. "काका, एकटा होतो म्हणून वाचलो. ती दोघं असती तर..."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तापमान मी देवळाजवळच्या पिंपळाखाली, सावलीत मोजलं होतं. हेलिकॉप्टर उभं होतं भाजून निघालेल्या काळ्या खडकावर. म्हणजे तिथल्या हवेत एकशेसोळासुद्धा बसत नव्हते. बावळटासारखी चूक! इतरांना शिकवणारा मी...

जोडी जीपने उतरली. केळीवाल्यांना काटा परत देताना मी दोघांना पुन्हा उभं केलं. एकशेसोळा.

अक्का म्हणतात देवी उभी राहिली. माझा इंजिनिअर भाचा म्हणतो उन्हाने काटा चुकला. अरे, मग तो फक्त त्या दोघांनाच कसा चुकला? आणि माझ्या वेळी का नाही? हेच मला सहन होत नाही. नाना अजून माझ्याशी बोलत नाहीत, बँडसमोर नाक कापलं म्हणून.

तो कागद माझ्याकडेच आहे. त्यावरचा एकशे एकाहत्तर आकडा खोटा आहे, हे मला पक्कं माहीत आहे. खरा आकडा एकशेसोळा. तो लिहिला असता तर सही मीच केली असती.